तुलना करा : गुण वीस

‘खालील दोन कवितांची तुलना करा’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं काढत आले आहे. उत्तरही मीच लिहून देते, मुलं ते उतरवतात आणि मीच त्याला मार्क देते. सगळा घरचाच मामला. त्या वर्षी अंतर्गत परीक्षेच्या आधी मी दोन कवितांच्या झेरॉक्स वाटल्या, खाली नावं न देता. त्यांतली पहिली कविता माझी होती. वर्गाला हे सांगितलं नव्हतं. आपलं कौतुक मुलांच्या अक्षरात वाचायची हौस, दुसरं काय.

शिरूरहून लग्न होऊन मी दौंड तालुक्यातल्या एका बागायतदार घरात आले, तेव्हाची ती कविता. दिवसभर स्वयंपाकघरात अडकलेली नवी सून, मागची खिडकी, बाहेर चिंच आणि पलीकडे हिरवंगार रान. तिला उंबरा ओलांडून त्या रानात जायचंय. दुसरी कविता कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकातली, बौद्ध वस्तीतल्या एका मुलीची. तिची आई रोज दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते आणि तिला निदान एक दिवस दार लावून घरात पडून राहायचंय. नोट्समध्ये मी लिहून दिलं होतं की दोन्ही कवितांतली बाई एकच आहे, दोघींचं दुःख बाईपणाचं आहे.

वर्गात तिशीची एक विद्यार्थिनी होती. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. रात्रपाळी उरकून थेट पहिल्या तासाला यायची. पदवी मिळाली तर तिला सुपरवायझर करणार होते. अंतर्गत परीक्षेत नापास झाली तर वर्ष गेलंच. तिनं पेपरात लिहिलं होतं :

‘या दोन बाया एक नाहीत. पहिली खिडकीतून रान बघते. त्याच रानात दुसरी खुरपत असणार, पण पहिलीला फक्त हिरवं दिसतं. पहिलीला बाहेर पडू देत नाहीत, दुसरीला घरी बसू देत नाहीत. दोघी बायाच आहेत, पण मध्ये जात आहे आणि जमीन आहे. दुपारचा चहा पहिली दुसरीला कोणत्या कपात देते, ते कवितेत नाही.’

मला मिरच्या झोंबल्या. लाल पेनानं शेरा मारला, ‘विषयांतर. नोट्स वाचा.’ वीसपैकी सहा दिले. पास व्हायला आठ लागतात हे मला चांगलं माहीत होतं.

पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी आले. दुपारी रानातल्या बायकांचा चहा झाला होता. हल्ली आम्ही त्यांना कागदी कप देतो. स्वच्छतेसाठी, असं मीच सगळ्यांना सांगत असते. घरातले आम्ही मात्र चिनी मातीच्या कपातून पितो. ओट्यावर उरलेला एक कागदी कप हातात घेतला आणि मला या बायकांचा जुना कप आठवला, कान तुटलेला. तो मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात, घरातल्या भांड्यांपासून लांब असायचा. त्यात वरून चहा ओतायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे माझंच होतं. कविता लिहिली त्या दिवशीही मी तो ओतला असणार. मला लाज वाटली.

मग पुन्हा चहा केला, थर्मास आणि घरातले कप ट्रेमध्ये घेऊन मी चिंचेखाली गेले आणि बायकांमध्ये बसून चहा प्याले. बायका अवघडल्या. एकीनं हळूच विचारलं, ‘कुणी पावनं येनार हायेत का?’ मी हसले खरी, पण तिचा प्रश्न रास्त होता. संध्याकाळी तो पेपर पुन्हा काढला.

सोमवारी वर्गात मी ते उत्तर मोठ्यानं वाचलं आणि पहिली कविता माझी आहे हेही सांगून टाकलं. पेपर वाटले, तास संपला, सगळे गेले. ती मागं थांबली.

‘मला ठाऊक व्हतं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘ती खिडकी तुमची. चिंचंखाली माझी आई भाकरी खायला बसायची, लहानपनी मी बी तिच्यासंगं असायचे. तिला कविता वाचून दावली, तर म्हनली, बाईनी चांगलं लिवलंय, पर मी न्हाई दिसले व्हय त्यांना?’

‘आणि तरी तू हे लिहिलंस? मार्क तर माझ्या हातात होते.’

‘भ्या वाटलंच की. दुसऱ्या कुनाची कविता असती, तर नोट्स उतरवून मोकळी झाले असते. पर तुमची हाय म्हंजी तुम्ही मन लावून वाचाल, असं वाटलं.’

पेपर तिच्या हातात होता. खोडलेला शेरा आणि सहावर काट मारून केलेले सतरा, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी नजर चुकवली. तिनं त्या सहावर बोट ठेवलं आणि हसली.

‘दोनदा वाचलेलं दिसतंय,’ ती म्हणाली.