दादाचा बुलबुल

माझा मोठा भाऊ अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. खोकला बरा होईना, दम लागायला लागला, तसं मी त्याला शिरगावला माझ्याकडे आणलं. वहिनी आधीच गेली होती. दादा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा.

तिथेच त्याला तो पक्षी दिसला. डोक्यावर शिपाई बुलबुलासारखा तुरा, पण आखूड. गालावर लाल ठिपका नाही, अंग मात्र लालबुड्या बुलबुलासारखं काळपट.

"ही नवीन जात आहे," दादा म्हणाला. "फोटो काढ. कुणाला तरी विचार."

उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मी फोटो पाठवले. ते म्हणाले, हा दोन जातींचा संकर आहे. फार क्वचित दिसतो. पूर्वी असे काही संकर तज्ज्ञांनाही वेगळी जात वाटले होते, त्यांना नावंही दिली गेली होती.

त्याच आठवड्यात दादाचा रिपोर्ट आला होता. फुप्फुसातली गाठ पसरली होती. त्याला मी जुना न्यूमोनिया सांगितला होता. त्यामुळे "सर काय म्हणाले?" असं त्याने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "नवीनच जात आहे म्हणाले."

दादाने कारखान्यातल्या सगळ्या जुन्या सोबत्यांना फोन केले. किती दिवसांनी त्याचा आवाज मोठा झाला होता.

तीन आठवड्यांनी सर स्वतःच पक्षी बघायला आले आणि सहज बोलता बोलता सगळं सांगून गेले. दादाने त्यांना आग्रहाने चहा पाजला. ते गेल्यावर माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

मी चहाचे कप गोळा केले.

"मग रिपोर्टमध्ये खरं काय आहे?"

मी फाइल आणली. अडखळत, मराठी करत वाचली.

"पसरली म्हणजे कुठपर्यंत?"

"यकृतापर्यंत."

त्याने फाइल माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाला, "तीन आठवडे घालवलेस माझे. मी पोरीला बोलावलं असतं."

तिच्या लग्नावरून त्याने मुलीशी बोलणं तोडलं होतं. मी लगेच तिला नागपूरला फोन लावला. त्याच रात्री दादाची धाप वाढली; ती पोचली तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता, बेशुद्ध. दोन दिवस ती त्याचे पाय धरून बसली. तो शुद्धीवर आलाच नाही.

निघताना तिने मला विचारलं, "आत्या, तुला कधी कळलं होतं?"

मी खरं सांगितलं. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही.