दगडाची भरड आणि मायची भांडी

दगडाचं वय काढायला मी निघाले, तेव्हा आमच्या घरात स्वतःचं वयही कोणाला धड माहीत नव्हतं. धानोऱ्याच्या जंगलातलं आमचं गाव. मायबाप उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडत, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत, आणि त्या कमाईवर मी कॉलेजात जाऊन दगड फोडायला शिकले. (शेजाऱ्यांचं म्हणणं, दगड तर गावातही फोडता आले असते!)

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी नाल्याकाठचा काळा दगड निवडला. जमिनीखालच्या भेगेत शिलारस थिजून झालेला. त्याचं वय कोणत्या पद्धतीनं काढायचं, यावरून सरांशी वाजलं. मला पोटॅशियम-आरगॉन हवी होती: दगडातल्या पोटॅशियमचा हळूहळू आरगॉन वायू होतो, त्या दोघांच्या प्रमाणावरून वय काढायचं.

"युरेनियम-शिसं घे," सर म्हणाले. "जुना दगड आहे, मधे कधीतरी तापला असेल. त्यातला आरगॉन उडाला असेल, तर वय खोटं येईल."

"पण सर, त्याला लागणारं झिरकॉन हे खनिज असल्या काळ्या दगडात सापडतच नाही!"

"बॅडेलियाइट सापडतं. शोध."

बॅडेलियाइट म्हणजे युरेनियम धरून ठेवणारे, डोळ्यांना न दिसणारे कण. पोतंभर दगड दळा, तेव्हा चिमूटभर! मी म्हटलं, नको. पोटॅशियम-आरगॉन सोपं. मी ठरवलं म्हणजे ठरलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट होते ना!

गावी येऊन दगडाचा वरचा कुजका भाग फोडून अंगणात टाकला. आतला ताजा गाभा खलबत्त्यात कुटून रव्यासारखी भरड केली, सुपात पसरली आणि जेवून जरा आडवी झाले. उठून बघते तर सूप रिकामं!

"माय, माही भरड कुठी हाय?"

"चुलीजवळ. राखेत मिसळली."

"राखेत? काऊन?"

"नुसत्या राखेनं गंजाची काजळी निंगत नव्हती. आता पाय, कसा चमकून राह्यला!"

खरंच, गंजात, म्हणजे आमच्या भाताच्या पातेल्यात, माझा रडका चेहरा स्वच्छ दिसत होता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम ठासून भरलेलं, आणि माझी सगळी पद्धत दगडातलं पोटॅशियम मोजण्यावर! आता वय निघालं असतं ते चुलीचं!

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकू वाटी घेऊन दारात. "पोरी, थोडी मलेबी दे वो. तुह्या कॉलेजातली पावडर भल्ली भारी हाय म्हणे!" त्यांच्या मागे आणखी वाट्या.

"नाई काकू, ते परीक्षेचं…"

"देऊन टाक!" बाबा खाटेवरून ओरडले. "शिकल्याचा गावाले काई तरी फायदा झाला पायजे!"

संध्याकाळपर्यंत गावातली भांडी लखलखली. नवा दगड आणावा तर नाल्याला पूर. प्रयोगशाळेची तारीख तोंडावर, चुकली तर वर्ष बुडणार.

उरलं काय? अंगणात फेकलेला कुजका भाग. आरगॉनसाठी तो कुचकामी, पण बॅडेलियाइट भलतं चिवट. भोवतीचा दगड कुजला तरी आपलं वय सोडत नाही. मी मुकाट्यानं पोतं भरलं आणि सरांपुढे नेऊन ठेवलं.

"मग, काय ठरलं?"

"युरेनियम-शिसं, सर. पूर्ण विचारांती."

तोंडी परीक्षेत परीक्षक खूश! "बाकीचे सोप्या वाटेनं जातात. तुम्ही पोटॅशियम-आरगॉनचा धोका आधीच ओळखलात. कसा काय?"

"अनुभवानं, सर."

दगडाचं वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडे निघालं. मी एमएस्सी झाले, आमच्या घराण्यातली पहिली. आणि सगळ्यात जास्त गुण पडले ते 'पद्धतीची निवड' या रकान्यात!