दोरी कोणत्या झाडाले?

आमच्या बालाघाटात रंग, खिळे आन दोरी विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडं काहीही मागा, तो आधी विचारते, "लावता कुठं?" ओल आलेल्या भिंतीसाठी ऑइलपेंट मागणाऱ्या मास्तराले त्यानं रिकाम्या हातानं परत धाडलं. "आधी भिंत वाळू द्या गुरुजी, नाहीतर पोपडे धरतीन." असा धंदा मी कुठं पाह्यला नाही.

उन्हाळ्यात कटंगीहून नात आली. तिले परसात झोपाळा पाहिजे होता. मी जाड दोरी मागितली.

"कोणत्या झाडाले, काकाजी?"

"जांभळाले."

त्यानं काढलेली दोरी परत गुंडाळली. "जांभळाची फांदी कडाक्कन मोडते. परसात कडुलिंब हाये न तुमच्या?"

"झाड माझं, नात माझी. तुले काय करा लागते?"

"दोरी माझी हाये न!"

मी तसाच उठून आलो. नात रुसून जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाले कुलूप लावून तो सायकलवर आला, खांद्यावर दोरी. मले न विचारता त्यानं कडुलिंबाले झोपाळा बांधला आन आपलं मोठं पोट सावरत आधी स्वतःच बसला. चांगले उंच झोके घेतले. मग उतरून म्हणे, "बस आता, बेटा."

नातीचं हसणं गल्लीभर ऐकू गेलं.

जांभळाची ती फांदी अजून शाबूत आहे. दुकानात गेलो की मी त्याले सांगतोच, "मोडली नाही, पाह!"

तो म्हणते, "मंग जांभळं खा न, काकाजी."