काल म्हणजे उद्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एका शब्दाचा तर प्रश्न. असंच मी स्वतःला समजावत आलो.

जबलपुरातलं आमचं छोटं ऑफिस शाळा-दुकानांच्या वेबसाइट बनवतं. मी तिथला सगळ्यांत जुना. फाइल बदलायची तर थेट सर्व्हरवर जायचं, हाताने बदलायची, बाहेर यायचं — माझी सगळी नोकरी अशीच गेली. मग वैदेही आली. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेली. घरात थोडी मराठी, बाहेर सगळी हिंदी. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. माझ्याशी मात्र हट्टाने मराठीच बोलायची. "भाऊ, चुकलं तर टोकत जा," म्हणायची.

मी टोकायचो. सगळ्यात जास्त एकाच शब्दावर. हिंदीतला 'कल' गेलेल्या दिवसालाही चालतो आणि येणाऱ्यालाही, म्हणून ती उद्यालाही 'काल'च म्हणायची. "काल बाजारात जाईन." मी विचारायचो, "गेलीस की जाशील?" ती हसायची. "समजलं ना तुम्हाला? मग झालं."

समजायचं. दर वेळी समजायचं — एवढं लक्षात असू द्या.

हाताने फाइली चढवणं बंद करायचं, हे तिनेच ठरवलं. सगळ्यांनी आपला कोड एका सामायिक जागी ठेवायचा. तिने लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, तिथून उचलून साइट आपोआप सर्व्हरवर चढवणार. त्यासाठी माझ्या कॉम्प्युटरवर काही टूल्स बसवायची होती. काय वैताग होता तो — एक बसवावं तर ते दुसऱ्याची जुनी आवृत्ती मागणार, जुनी घातली की तिसरंच बंद. सगळं काढा, पुन्हा घाला, पुन्हा तीच लाल अक्षरं. विचारायचं कुणाला? तिला? माझ्याहून इतक्या लहान मुलीला?

"भाऊ, झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

झालं नव्हतं. मी चोरून सर्व्हरवर हातानेच बदल करत राहिलो. मझौलीच्या एका शाळेचा प्रवेशअर्ज बिघडला होता, तोही असाच दुरुस्त केला. ती दुरुस्ती फक्त सर्व्हरवर होती. सामायिक कोडमध्ये जुनाच, बिघडलेला अर्ज.

एका संध्याकाळी खांद्याला बॅग अडकवून ती माझ्या टेबलाशी थांबली. "भाऊ, काल सकाळी शाळेच्या साइटवर स्क्रिप्ट लावीन. तुम्ही हातानं काही बदललं असन तर सांगून द्या."

मी मान हलवली — काही नाही म्हणून. सांगितलं असतं तर ते 'झालं'ही खोटं होतं, हे सांगावं लागलं असतं.

सकाळी स्क्रिप्ट चालली आणि माझी दुरुस्ती पुसली गेली. पालक अर्ज भरून बटण दाबत होते, जमा काहीच होत नव्हतं. शाळेचा फोन आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ती म्हणाली, "भाऊ से पूछकर चलाया, सर." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी —

मी म्हणालो, "सर, ये 'काल' बोली थी. मराठी में काल मतलब बीता हुआ दिन. मैं समझा चल चुकी है, सब ठीक है."

लोक हसले. साहेबही. "मैडम, स्क्रिप्ट बाद में, पहले मराठी ठीक कर लो."

तिच्या त्या वाक्यात 'लावीन' होतं. मराठी येणाऱ्या कुणालाही माझं खोटं तिथेच कळलं असतं. पण त्या खोलीत मराठी येणारे आम्ही दोघंच होतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

तिची नोकरी पक्की झाली नाही. स्क्रिप्ट मात्र राहिली. आजही आमच्या साइट तीच चढवते. माझी टूल्स? शेजारच्या टेबलावरच्याला म्हटलं, त्याने चहा पितापिता बसवून दिली. एवढंच होतं ते. एवढंच.

मागच्या हिवाळ्यात ती नर्मदेच्या ग्वारीघाटावर भेटली, फुलं घेत होती. मी मराठीत विचारलं, "कशी आहेस?"

"ठीक हूँ, भैया जी."

"आता कुठे आहेस?"

"कल से नई जगह जॉइन कर रही हूँ."

कल. अर्थ लावायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. उद्या.

त्या संध्याकाळीही लागलं नव्हतं.