ताईचं बटरफ्रूट आणि परकी माणसं

माणूस गेल्यावर त्याचे हसायचेच किस्से आधी काहून आठवतात?

ताईच्या जलदान विधीला मांडवात बसलेल्या लोकांना मी हे विचारलं होतं. विचारलं म्हणजे ओरडलोच. मागच्या रांगेत आमचे काका आणि शेजारच्या शेवंताबाई तोंडाला रुमाल-पदर लावून हसत होते. मी तावातावानं त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "हसून काहून राहिले तुमी? माझी बहीण गेली ना!"

काका म्हणाले, "अगा गोलू, तिचाच किस्सा आठवला."

मग मी तो प्रश्न विचारला. शेवंताबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि किस्सा पहिल्यापासून सांगितला. मीही हसलो. मग उठून पाण्याचे ड्रम भरायला गेलो, कारण तिथं बसवेना.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. कोणी माझ्या फळांच्या गाडीवर केळी घ्यायला येतो आणि ताईचा एक किस्सा ठेवून जातो. एवढे साचले की आता मित्रच म्हणतात, सांग ना एखादा. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण सांगता येतं.

*

आधी एवढं माहीत पाहिजे. ताई नागझिऱ्याकडच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये कामाला होती. कापाकापीचं काम. सगळं तिनं कापायचं आणि शेफनं बनवायचं. माझी साकोलीत हायवेला फळांची गाडी. म्हणजे दोघांचाही धंदा फळं कापायचाच!

तिथं पाहुण्यांसाठी बटरफ्रूटची, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची, एक चटणी व्हायची, ग्वाकामोले. बटरफ्रूटचा गर, कांदा, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबू. ताईनं ती पाहून पाहून शिकून घेतली. मग तिच्या डोक्यात आलं की यात आपल्याकडचं एखादं गोड-आंबट फळ पडलं तर? झालं. त्या दिवसापासून आमच्या घराचं किचन बिघडलं.

तिची इच्छा एकच होती. आपल्या हातची ही चटणी परक्या माणसानं खावी आणि पुन्हा मागावी. ताई म्हणते... म्हणायची, "घरचे लोक प्रेमानं चांगलं म्हणतात, नाही तर भांडणाच्या भीतीनं. परका माणूस दुसऱ्यांदा मागते ना, तेव्हा समजायचं जमलं."

*

पहिल्यांदा तिनं घरी दोन बटरफ्रूट आणली ती दगडासारखी कडक. आमच्याकडे कोणतंही कच्चं फळ आलं की आई ते धानाच्या पोत्यात खुपसते. आंबा असो की सीताफळ, धानाच्या उबेत पिकतं. मीच पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून दोन्ही खाली सारली.

आणि चार-पाच दिवसांनी बाबांनी तेच पोतं सायकलवर टाकून मिलला नेऊन दिलं!

दुपारी मिलवाल्याचा फोन. "भाऊ, तुमच्या धानातून दोन हिरवे गोटे निघाले जी. मशीन बंद करून ठेवली मी. हे आहे काय?"

बाबांना काय माहीत! ते म्हणाले, "पोरीचे असतील."

"ते असू द्या. वजनात धरू का सोडू?"

ताई धावत गेली. एक फुटलं होतं, दुसरं एकदम मस्त पिकलं होतं. तिनं तिथंच मिलवाल्याला विचारलं, "चटणी करून आणू का? खाऊन पाहता?"

तो दोन पावलं मागे सरकला. "नाही बाई. मले भातच पुरते!"

*

पहिला प्रयोग सीताफळाचा. दिवाळीचे दिवस, माझ्या गाडीवर सीताफळं मऊ पडली होती, मी टोपलंभर घरी आणली. ताईनं बिया काढायला घेतल्या. थोड्या वेळानं ती कंटाळली आणि म्हणाली, "राहू दे चार-दोन."

चार-दोन कशाच्या! बाबा भाकरीसोबत खायला बसले. एक घास खायचा आणि अंगणात एक बी थुंकायची. घास, बी. घास, बी.

शेवटी हात धुताना बाबा म्हणाले, "पेरणी झाली. आता पाणी सोड."

*

ताईचा नियम होता की बटरफ्रूट मिक्सरला लावायचं नाही. वाटीच्या बुडानं चेंदायचं, मधेमधे तुकडे राहू द्यायचे, फळ शेवटी टाकून नुसतं हलवायचं. मला एवढा धीर कुठला! ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, ती येईपर्यंत करून टाकू. फळ चिरलं, साल सोलली आणि सगळंच्या सगळं मिक्सरमध्ये घातलं. मधली मोठी बीसुद्धा! मला वाटलं मऊ असेल.

बटन दाबल्यावर जो आवाज झाला, त्यानं चुलीजवळची मांजर पळाली. ती दोन दिवस दिसली नाही. भिंतीपलीकडून शेवंताबाई ओरडल्या, "अवं, घरात बोअर मारून राहिले का?"

ताई ओले हात पुसत आत आली. मिक्सरच्या भांड्यात पाहिलं. पातं वाकडं झालं होतं. मी मान खाली घालून उभा. वाटलं, आता पडते एक.

ती म्हणाली, "ठीक आहे. आजपासून चेंदायचं काम तुझं. जन्मभर!"

*

खरी चव जमली ती मे महिन्यात. पूर्ण पिकलेला आंबा टाकला तर चटणी गोडमिट्ट व्हायची, कच्चा टाकला तर दात आंबायचे. मग आंबागडच्या एका शेतकऱ्यानं माझ्याकडे पाडाचे आंबे आणून टाकले. म्हणजे झाडावरच पिकायला लागलेले, पण अजून टणक. ताईनं त्याचे बारीक तुकडे केले, वर डाळिंबाचे दाणे टाकले. मी चेंदत होतो, ती टाकत होती.

एक वाटी बाबांपुढे ठेवली. सीताफळापासून ते या चटणीला हात लावत नव्हते. त्यांनी बोटभर चाटली. मग भाकरी तोडली. वाटी पुसून खाल्ली आणि मान वर न करता ती वाटी ताईकडे सरकवली. "आन अजून."

मी उडीच मारली. "ताई! दुसऱ्यांदा मागितलं!"

ताईनं वाटी भरून दिली. पण म्हणाली, "बाबा, तुमी मोजत नाही. तुमी घरचे."

बाबांना एवढा राग आला की त्यांनी तिसऱ्यांदाही मागितलं!

*

आता मांडवात ज्याच्यावर सगळे हसत होते तो किस्सा. परकं माणूस शोधायचं तर सुरुवात शेजारून करू, असं ताईनं ठरवलं. शेवंताबाईंकडे वाटी पाठवली ती माझ्या हातून. मी घाईत होतो, गाडी लावायची होती. त्यांच्या ओसरीवर वाटी ठेवली, "ताईनं दिलं" एवढं ओरडलो आणि पळालो.

शेवंताबाईंच्या पुतणीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. घरात सगळ्या बायका हात पसरून बसलेल्या. अशा घरात हिरवागार लगदा वाटीत आला तर तो काय समजणार?

सकाळी शेवंताबाई हात पुढे करून आमच्या दारात. ताईनं आशेनं विचारलं, "कशी लागली वो, काकू?"

"रंग तर काही चढला नाही पोरी. वास लय चांगला होता." मग बोटांवर फुंकर मारून म्हणाल्या, "पण तुमच्या मेंदीत मिरची काहून असते?"

*

शेवटी एके दिवशी ताईनं हिंमत करून डबा रिसॉर्टमध्ये नेला. शेफला म्हणाली, साहेब, पाहुण्यांच्या टेबलावर ठेवून पाहू का, थोडीशी? तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मेन्यू वरून ठरून येतो, माझ्या हातात नाही. डबा त्यानं उघडला नाही. ताईनं दिवसभर इतरांचे कांदे कापले आणि संध्याकाळी डबा तसाच घेऊन निघाली.

एसटीत गर्दी नव्हती. तिकीट घेताना तिला वाटलं, हा कंडक्टर तर अगदीच परका आहे. तिनं डब्याचं झाकण काढून पुढे केलं. "भाऊ, जराशी खाऊन पाहता?"

कंडक्टरनं तिकिटाच्या पंचनं ड्रायव्हरच्या मागची पाटी दाखवली. अनोळखी माणसानं दिलेलं काही खाऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं!

ताई घरी आली ती हसतच. पायरीवर बसून आम्हाला सांगता सांगता तिला ठसका लागला. आईनं पाणी आणलं. मला मात्र राग आला. मी मोटरसायकलची चावी घेतली, म्हटलं त्या शेफला विचारूनच येतो. ताईनं चावी काढून घेतली आणि माझ्या हातात वाटी दिली.

"बस. उद्याची चेंद."

*

हा शेवटचा. यानंतर दोन दिवसांनी ताई गेली.

भादव्यात तिला ताप आला. साकोलीला उतरेना म्हणून भंडाऱ्याला भरती केलं. तोंडाची चव गेली होती, काही खात नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिला खावंसं वाटेल ते थोडं थोडं द्या. मी विचारलं, "काय आणू?"

"बटरफ्रूट. आंबा कुठून आणशील आता, अननस टाक."

नागपूरच्या ट्रकवाल्याला सांगून बटरफ्रूट आणवली. घरी एकट्यानं बसून चेंदली. एकट्यानं पहिल्यांदाच. मोठा डबा भरला आणि तसाच मोटरसायकलवर भंडाऱ्याला. बायकांचा वॉर्ड, दुपारची वेळ, चहा-पाव वाटून झाले होते. ताईला आईनं उशी लावून बसवलं. तिनं बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले. मी श्वास धरून उभा.

"गोलू, मीठ?"

मी कपाळावर हात मारला. विसरलोच होतो!

"जा पळत."

कँटीन बंद होतं. गेटबाहेर उकडलेली अंडी विकणारा होता, त्यानं कागदात मीठ बांधून दिलं. धावत वर आलो तर ताईच्या खाटेवर नुसतं झाकण. डबा नाही!

डबा तिसऱ्या खाटेवर होता. आई चमचा घेऊन वाढत चालली होती आणि ताई खाटेवरून सांगत होती, हिला दे, तिला दे. अख्खा वॉर्ड पावाला लावून खात होता. ताईनं स्वतः किती खाल्लं ते मला माहीत नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "हे काय वाटप चाललंय?"

ताई म्हणाली, "तुमच्यासाठी पण ठेवलं आहे, सिस्टर."

सिस्टर दाराकडे पाहून पटकन एक चमचा खाऊन गेल्या.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. तिच्याजवळ दिवसभर कोणी आलं नव्हतं. तिनं पावाचा अर्धा तुकडा पुढे केला. "पोरी, आहे का वो अजून?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "उभा काय राहिला? पाहुण्यांले मीठ वाढ."

मी पुडी सोडली आणि पहिल्या खाटेपासून सुरू केलं. एकेकीच्या पावावर एकेक चिमूट. कोपऱ्यात पोचलो तेव्हा मागून ताईचा आवाज आला, "आजीले बरोबर टाक रे. तिनं दुसऱ्यांदा घेतलं."

मी अर्धी चिमूट परत पुडीत सोडली आणि आजीच्या अर्ध्या पावावर नीट, सगळीकडे सारखं, मीठ भुरभुरवलं.