चेतनाताईंचे शनिवार

चेतनाताई बिवलकर आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं तीनच, त्यामुळे कढीपत्त्यापासून डॉक्टरच्या नंबरापर्यंत सगळ्यासाठी आम्ही एकमेकींच्या दारात असतो. त्या केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर घरात आई आणि त्या अशा दोघीच उरल्या. मग आईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढची नऊ वर्षं चेतनाताईंनी ऑफिस आणि घर यांच्याबाहेर काही पाहिलं नाही. दिवसभर आया असायची, संध्याकाळी मेट्रोतून उतरून त्या जवळजवळ पळतच यायच्या. शनिवार-रविवार तर पूर्ण आईंचे.

आई मार्चमध्ये गेल्या. दिवसकार्य उरकून धाकटा भाऊ अनुराग पुण्याला परतला, आणि लगेचच्या शनिवारी सकाळी सहा वाजता गेटवर एक पांढरी टॅक्सी येऊन उभी राहिली. चेतनाताई पाण्याची बाटली आणि शाल घेऊन खाली उतरल्या आणि गेल्या. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही.

सोहन्याचा गरम पाण्याचा झरा, सुलतानपूरचे पक्षी, तिजाऱ्याचं जैन मंदिर, गढमुक्तेश्वरचा घाट, अलवरजवळचं सिलीसेढचं तळं. बुधवारपासूनच त्यांच्या फोनवर नकाशा उघडलेला असायचा. ड्रायव्हर ठरलेला, नजफगढचा राजवीर. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, बिचारी नऊ वर्षं कोंडलेली होती, आता फिरते आहे, फिरू दे. मलाही तसंच वाटायचं.

मग जूनमध्ये एकदा मी त्यांच्याबरोबर बरसान्याला गेले. तीन तासांचा रस्ता. राधाराणीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मी चार वेळा थांबले, त्या एकदाही नाही. वर पोहोचल्यावर काय सुंदर वारा होता! खाली गाव, पलीकडे डोंगराची रांग. मी भिंतीला टेकून बसले, चप्पल बाजूला केली, तोवर त्या समोर येऊन उभ्या.

"झालं ना दर्शन? चलो, निघू या."

"अहो ताई, आत्ता तर आलो!"

"मग काय झालं? पाहिलं की."

त्यांचा हात शालीचं टोक पिळत होता आणि नजर सारखी फोनवर जात होती. मी मुकाट्याने उठले. खाली राजवीरने आम्हाला येताना पाहिलं आणि गाडीला टेकल्या टेकल्या हसला. "मैडमजी का आधा घंटा हो गया," तो मला हळूच म्हणाला. कुठेही गेलं तरी अर्धा तास, त्याहून जास्त नाही. सिलीसेढला तर त्या गाडीतून उतरल्या, पाणी पाहिलं आणि परत बसल्या, असं त्याने सांगितलं. मी त्यांना कारण विचारलं नाही. विचारण्यासारखा त्यांचा चेहराच नव्हता.

पुढच्या वर्षी चौदा जानेवारी शनिवारी आली. पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी, दरवर्षी त्या दिवशी मराठी माणसं जमतात, महाराष्ट्रातून बसगाड्या येतात. चेतनाताईंनी तेच ठिकाण धरलं. मला ताप होता, त्या एकट्याच गेल्या. तिथे जे घडलं ते त्यांनी नंतर माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

धुकं इतकं होतं की गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. पोहोचायला चार तास लागले. स्मारकापाशी भगवे झेंडे, भाषणं, गर्दी. त्यांनी हात जोडले, एक फेरी मारली आणि परत फिरल्या. तेवढ्यात एका तरुण बाईने त्यांना हाक मारली. एकट्या दिसल्या म्हणून असावं. दिल्ली कॅंटोन्मेंटमधल्या कुण्या हवालदाराची बायको, नाव ममता. व्हीलचेअरमध्ये तिची सासू होती.

"काकू, पाच मिनिटं आत्यांपाशी थांबाल का? आमचे हे तिकडं कार्यक्रमात अडकलेत. मी एवढं स्मारक बघून येते. आल्यापासनं खुर्चीपाशीच उभी आहे."

नाही म्हणायच्या आत ती गेलीसुद्धा.

म्हातारीचं नाव हौसाबाई, गाव कराडच्या बाजूचं. पाच मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. चेतनाताई खुर्चीभोवती घिरट्या घालत होत्या. दूर उभ्या राजवीरला त्यांनी दोनदा हाक मारली, दोनदा थांब म्हणून हात केला.  म्हातारीला तिथेच सोडून पळावं असंसुद्धा मनात येऊन गेलं.

मग हौसाबाई कण्हायला लागल्या. खुर्चीत घसरून घसरून त्या कंबरेवर आल्या होत्या, एक पाय आखडला होता. चेतनाताईंनी आधी खुर्चीचे ब्रेक लावले. गुडघ्यात वाकल्या, त्यांचे हात स्वतःच्या गळ्यात घेतले, काखेतून धरलं आणि "एक, दोन, चला" म्हणत एका दमात वर ओढून सरळ बसवलं. पाठीमागे शालीची घडी सरकवली. पोटरी चोळली, थेट टाचेपर्यंत.

"तुला येतंय की गं हे," हौसाबाई म्हणाल्या. "कुणाचं करत हुतीस?"

"आईचं."

"हाय का?"

"नाही. गेली."

"तुझ्या हातात गेली म्हण की. नशीबवान बाई."

आणि चेतनाताई, ज्यांनी दहा महिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, त्या एका अनोळखी म्हातारीपुढे बोलून बसल्या.

आई गेल्या तोही शनिवार होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच, ऑफिसातल्या बायकांनी फार आग्रह केला म्हणून त्या दमदमा तलावावर सहलीला गेल्या होत्या. आयाला जास्तीचे तास थांबवलं होतं. निघताना त्यांनी आईंच्या गालावर हात ठेवला, तर आईंनी मान भिंतीकडे वळवली. रागाने की झोपेत, ते कळलं नाही. तलावावर पोहोचून अर्धा तास झाला असेल. त्या बोटीत होत्या, कुणीतरी विनोद केला होता आणि त्या मोठ्याने हसत होत्या, तेव्हा आयाचा फोन आला. अनुरागला मात्र त्यांनी सांगितलं, "मी शेजारच्याच खोलीत होते."

हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. 

"आता ही माझी सून गेली ना, ती फिरायलाच गेलीय. पाच मिन्टं म्हनली, तास झाला. मला काय कळत न्हाई व्हय? जाऊ दे की. दिवसभर माझं त्वांड बघून तिलाबी वीट येतो आन् मलाबी तिचा. ती गेली की जरा बरं वाटतं मला. तुझ्या आईनं मान वळवली म्हंजी रागच कशापायी? मी तर डोळं मिटून घेते, म्हंजी ती बिनघोर जाईल."

ममता भजी घेऊन धावत आली, शंभर वेळा माफी मागितली. हौसाबाई तिच्यावर कडाडल्या, "तेल किती त्यात!" आणि दोन भजी खाल्ली.

परतीच्या वाटेवर, सोनिपतच्या पुढे गाडी अडकली असताना, चेतनाताईंनी अनुरागला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं.  "मी नंतर करतो," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नंतर म्हणजे तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे फार वाईट गेले. रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर पावलं वाजायची, बाल्कनीपासून दारापर्यंत आणि परत. शनिवारी टॅक्सी यायची, त्या जायच्या, आणि आता तर दुपारच्या आतच परत यायच्या. राजवीर मला म्हणाला, एका फेरीत त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

मग एका शुक्रवारी अनुराग काही न कळवता येऊन उभा राहिला. जेवायला दोघं आमच्याकडे होते. ताटावर बसून एकमेकांकडे न बघता भांडले.

"तू गेलीस त्याचा राग नाही गं, ताई. मला खोटं का सांगितलंस?"

"तू काय म्हणाला असतास?"

"काय म्हणणार? मी तर नऊ वर्षं पुण्यात होतो."

 मग त्याने विचारलं, "त्या दिवशी सकाळी आईने काय खाल्लं?"

"शिरा. चार चमचे. पाचव्याला तोंड मिटलं."

तो पानातल्या भाताकडे बघत मान हलवत राहिला. डोळे पुसले नाहीत, जेवलाही नाही. रविवारी परत गेला. दारात त्यांना म्हणाला, "मी रोज फोन करीन." रोज करत नाही, पण करतो.

परवाच्या शनिवारी सकाळी गेटवर टॅक्सी दिसली नाही. वर मात्र काहीतरी जड घसटत होतं. मी गेले तर आईंचा तो उंच होणारा, चाकांचा लोखंडी पलंग चेतनाताईंनी एकट्याने दारापर्यंत ओढत आणला होता आणि तो तिथे आडवा अडकला होता. कपाळावर घाम, हाताला खरचटलेलं.

"धर गं जरा तिकडून. एका धर्मादाय दवाखान्याचा टेम्पो येणार आहे."

डोक्याकडची बाजू सोडवली, तिरका केला, तेव्हा कुठे तो निघाला. टेम्पो येऊन गेला. आम्ही परत आत आलो. खोलीत फरशीवर चार चाकांचे चार काळे डाग होते. त्या मधोमध उभ्या राहून ते बघत होत्या. मी चहा टाकते म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. "अकराच वाजतायत. सुलतानपूर इथून तासाभरावर आहे. येतेस?"

मी बूट घालायला खाली गेले. जिना उतरेपर्यंत मागून त्यांची पावलं येतच होती; त्या रिकाम्या खोलीत त्या मिनिटभरही थांबल्या नव्हत्या.