अण्णांना आवडलेली गाडी

आज आमच्या लोह्याच्या घरी पाहुणे मला बघायला आले होते. ते आत्ताच गेले. घरात कुणाशी बोलता येईना, म्हणून इथं लिहितेय.

मुलगा अहमदपूरचा. दारात त्याची मोटारसायकल लागली तसे अण्णा, म्हणजे माझे वडील, बघतच राहिले. "लई महागाची दिसून राहिली." मुलाचे मामा लगेच म्हणाले, "हाव, मोठ्या कंपनीची हाय."

मी नांदेडला गाड्यांच्या शोरूममध्ये बिलिंगला आहे. टाकी, हँडल, सायलेन्सर, सगळं त्या मोठ्या कंपनीच्या महागड्या गाडीसारखंच होतं. पण ती तिची स्वस्तातली नक्कल होती. मला खिडकीतूनच कळलं.

आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "गाडी ती न्हाई बरं का. तिच्यासारखी दिसती, एवढंच. चारचौघांत मामांना खोटं पाडता आलं न्हाई."

खाली आलो तर अण्णा त्याच गाडीवर चक्कर मारून आले होते. फोनवर काकांना सांगत होते, "पोरगं तालेवार हाय. गाडीवरूनच कळतंय की."

आता सगळे माझ्या होकाराची वाट बघतायत. खरं सांगितलं तर अण्णा त्याला फसवा ठरवून उद्याच नकार कळवतील. गप्प बसले तर त्या खोट्यात मीही आले.

मला मुलगा आवडलाय. तो खरं बोलला म्हणूनच आवडलाय. तेच खरं अण्णांना कोणत्या तोंडानं सांगू?